भिंतीची ओल लपवू नका

डॉक्टरांनी मला साधाच प्रश्न विचारला होता. "आजी, घरात ओल आहे का? भिंतीवर काळे-हिरवे डाग दिसतात का?" आणि मी उत्तर दिले, "नाही हो डॉक्टर, आमचं घर स्वच्छ असतं."

हे मी खोटे बोलले. तेही माझ्या पाच वर्षांच्या नातीच्या श्वासाशी संबंध असलेल्या प्रश्नावर. ते खोटे का बोलले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगण्यासाठीच हे चार शब्द लिहायला बसले आहे. मी लेखिका नाही. चौदा वर्षे वस्तीतल्या बालवाडीत मुले सांभाळली, तेवढाच माझा पाटी-पेन्सिलीशी संबंध. पण हे कौटुंबिक पान माझ्यासारख्याच घरांतल्या माता-भगिनी वाचतात. त्यांच्याही घरात अशी एखादी भिंत असेल, म्हणून धीर केला.

आम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरात राहतो. लग्न होऊन मी आले तेव्हा नाल्याच्या कडेला पत्र्याची खोली होती. पावसाळ्यात रात्री उठून गळक्या पत्र्याखाली भांडी मांडायची. नाल्याचे पाणी आत शिरले की ट्रंक पलंगावर आणि मुले ट्रंकेवर. अशी वीस वर्षे काढली. २००६ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर २२५ चौरस फुटांचे घर मिळाले. कुलूप उघडून आत गेलो तेव्हा सासूबाईंनी भिंतीवरून नुसता हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता पाणी येणार नाही." पुढे त्या चारच वर्षे जगल्या. बरेच झाले म्हणायचे, कारण पाणी आले. ते दारातून आले नाही, भिंतीतून आले.

आमच्या आतल्या भिंतीच्या पलीकडे संडास-बाथरूमचे पाइप उतरतात. तिथे ऊन नाही, वारा नाही. बाजूची इमारत इतकी जवळ की खिडकीतून हात लांबवून तिकडच्या बाईकडून मीठ मागून घ्यावे. पहिली काही वर्षे ठीक गेली. मग एका पावसाळ्यात भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात पोळीएवढा ओला डाग दिसला. पुढच्या वर्षी तो कंबरेइतका चढला. रंगाचे पोपडे सुटू लागले, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला. ह्यांच्या बेस्टमधल्या नोकरीतल्या जुन्या चामडी चपला पावसाळ्यात कपाटाखाली राहिल्या, त्या गणपतीत काढल्या तर हिरव्या झालेल्या. आणि भिंतीवर काळे ठिपके. आधी तीट लावल्यासारखे, मग शाई सांडल्यासारखे.

मी काय केले? लपवले. डागावर कॅलेंडर लावले. डाग वाढला तसा पडदा लावला. रंगाऱ्याला बोलावले, तो म्हणाला, "ताई, दोन हात मारले की दिसणार नाही." रंगाने दोन महिने भिंत गोरी दिसली आणि ऐन श्रावणात काळे ठिपके पुन्हा वर आले.

त्याच भिंतीवर आमच्याकडे तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. एकदा पुसायला म्हणून ती खाली घेतली, तर मागच्या पुठ्ठ्यावर हिरवट बुरशीचा लोकरीसारखा थर, आणि काचेच्या आतल्या कागदावर डाग पडायला सुरुवात झालेली. माझ्या काळजाचे पाणी झाले. त्याच दुपारी मी तसबीर स्वच्छ पुसली, नवा पुठ्ठा घातला आणि समोरच्या कोरड्या भिंतीवर खिळा ठोकून लावली. मनाला समाधान वाटले.

वाचकहो, त्या ओल्या भिंतीला लागूनच खाली माझ्या नातीचे अंथरूण होते. ते मी तिथेच ठेवले. तसबिरीला ओल बाधते हे मला कळले, लेकराला बाधते हे कळले नाही. आजही रात्री जाग आली की हेच आठवते.

नात तेव्हा चार-साडेचार वर्षांची. तिला रात्रीचा खोकला सुरू झाला. दिवसा खेळायची, पहाटे तीन-चारला मात्र उठून बसायची आणि खोकून खोकून ओकायची. छातीत मांजराच्या पिल्लासारखा आवाज. नाक सदा वाहते, डोळे लाल. नाक्यावरच्या डॉक्टरने खोकल्याच्या बाटल्या दिल्या, गोळ्या दिल्या. चार दिवस बरे, पुन्हा तेच. हळद-दूध झाले, ओव्याची पुरचुंडी झाली, शेजारणीच्या सांगण्यावरून केळी आणि दही बंद झाले. एकीने तर हळूच विचारले, "टीबी तर नाही ना?" तो शब्द चाळीत फिरला आणि दोन घरांनी आपल्या मुलांना आमच्याकडे खेळायला पाठवणे बंद केले. आम्ही घाबरून तपासण्या केल्या. क्षयरोग नव्हता.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही गावी गेलो. माझे माहेर बुलढाण्याच्या बाजूला. तिथे पोर पंधरा दिवस अंगणात धुळीत लोळली, रात्री गाढ झोपली, एकदाही खोकली नाही. मला वाटले, गावच्या हवेने बरी झाली. मुंबईला परतलो आणि तिसऱ्या रात्री तोच आवाज. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. घराबाहेर बरे वाटते आणि घरी आले की त्रास सुरू होतो, ही मोठी खूण आहे. ती खूण माझ्या समोर उभी होती आणि मी ओळखली नाही.

मग सूनबाईने हट्ट धरून तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वेळ काढून सगळे विचारले. चुलीचा धूर आहे का, घरात कुणी विडी ओढते का, कबुतरे आहेत का, आणि शेवटी तो ओलीचा प्रश्न. सूनबाई काही बोलणार तेवढ्यात मी घाईने नाही म्हणून टाकले.

का म्हणाले? मागे वळून पाहते तेव्हा कारण स्पष्ट दिसते. आमच्या पिढीला 'घाणीत राहणारे लोक' हे शब्द फार वेळा ऐकावे लागले. त्यामुळे घर लख्ख ठेवणे हा आमच्यासाठी नुसता कामाचा भाग राहिला नाही, तो मानाचा भाग झाला. भांडी आरशासारखी, फरशी दिवसातून दोनदा पुसलेली. कुणी शिकल्या-सवरल्या माणसाने विचारले की तुमच्या भिंतीवर बुरशी आहे का, तर मला ऐकू आले, तुम्ही घाणेरडे आहात का. म्हणून मी नाही म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात, म्हणजे २०२३ च्या जुलैत, एका रात्री नातीचे ओठ निळसर पडले. बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. शब्द फुटेना. मुलाने तिला खांद्यावर घेतले आणि चार जिने धावत उतरला, कारण लिफ्ट बंद होती. रिक्षा मिळेपर्यंतची ती पाच मिनिटे मी जन्मात विसरणार नाही. दवाखान्यात तिला प्राणवायू लावला, यंत्रातून वाफेसारखे औषध दिले. पहाटे ती झोपली. सकाळी त्याच डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "डॉक्टर, मी खोटं बोलले होते. आमच्या घरात ओल आहे. भिंत काळी झाली आहे."

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, ओल म्हणजे घाण नव्हे. ओल म्हणजे पाणी. पाणी कुठून येतं ते आपण शोधू."

त्यांनी जे समजावले ते माझ्या शब्दांत सांगते. शिळ्या भाकरीवर, उघड्या राहिलेल्या लोणच्यावर जी बुरशी येते, तिचीच ही भावंडे. बुरशीचे बी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण. ते हवेत सगळीकडेच असतात, राजवाड्यातही असतात. त्यांना रुजायला तीन गोष्टी लागतात: ओलावा, थोडे खाद्य आणि स्तब्ध हवा. रंग, पुठ्ठा, लाकूड, कापड, भिंतीवरची धूळ हे सगळे तिला खायला चालते. म्हणून खाद्य तोडता येत नाही, ओलावाच तोडावा लागतो. भिजलेली जागा एक-दोन दिवसांत वाळली नाही की बुरशी धरू लागते. मग ती लाखो कण हवेत सोडते आणि आपण ते श्वासातून आत घेतो.

प्रत्येकालाच त्रास होतो असे नाही. आमच्या घरात सहा माणसे, आजारी एकच पडली. पण ज्यांना ॲलर्जीचा किंवा दम्याचा कल आहे, जी मुले लहान आहेत, जे म्हातारे आहेत, ज्यांची प्रतिकारशक्ती दुसऱ्या आजाराने किंवा औषधांनी कमी झाली आहे, त्यांना ही हवा जास्त बाधते. सतत शिंका, वाहते नाक, रात्रीचा खोकला, छातीत घरघर, दम्याचे झटके, ही तिची रूपे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर एक स्वतंत्र मार्गदर्शक ग्रंथच काढला. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे विकार होण्याचा धोका अधिक असतो आणि उपाय म्हणजे मुळात ओलच होऊ न देणे, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे.

काही थोड्या लोकांत याहून गंभीर प्रकार होतो. बुरशीच्या किंवा कबुतरांच्या विष्ठेच्या कणांमुळे फुप्फुसाला आतून सूज येते आणि वर्षानुवर्षे ते चालू राहिले तर फुप्फुस घट्ट होत जाते. चालताना धाप, कोरडा खोकला, वजन घटणे. लक्षणे क्षयासारखी वाटतात, म्हणून निदान चुकते. नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांनी पुढची गोष्ट मुद्दाम वाचावी. फुप्फुस घट्ट होण्याच्या रोगांची भारतात १९ शहरांतील २७ केंद्रांत नोंद झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या १०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा आजार या प्रकारचा निघाला, आणि त्यातल्या पुष्कळांच्या घरी हवेचे कूलर होते. कूलरच्या ओल्या गवतात आणि साचलेल्या पाण्यात बुरशी वाढते आणि पंखा ती थेट नाकावर आणून सोडतो. कूलर गुन्हेगार नाही. न धुतलेला कूलर आहे.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकते. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर 'काळी बुरशी' म्हणून एका भयंकर रोगाचे नाव घरोघरी झाले. तो म्युकरमायकोसिस. तो मुख्यत्वे मधुमेह आणि कोरोनाच्या काळातल्या औषधांनी शरीर दुबळे झालेल्यांना झाला. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो रोग नव्हे. घाबरून जाऊ नका, पण डागाकडे दुर्लक्षही करू नका. भिंतीवर मिठासारखी पांढरी भुकटी दिसते तो लोणा. ती बुरशी नव्हे, भिंतीतला क्षार आहे. पण लोणा लागला म्हणजे भिंतीत पाणी मुरते आहे, हे मात्र नक्की समजावे.

नात घरी आली. तिला पंपाने घ्यायचे औषध दिले होते. पुन्हा शेजारपाजार सुरू झाला, "पंपाची सवय लागते, पोरीच्या लग्नात अडचण येईल." मी तेही डॉक्टरांना विचारले. त्या म्हणाल्या, पंपातले औषध थोडे असते आणि थेट छातीत जाते, म्हणून ते पोटातल्या औषधापेक्षा सोयीचे. सवय लागत नाही. मध्येच आपल्या मनाने बंद केले की मात्र धोका असतो. तेव्हापासून पंप आमच्या घरात मिठाच्या बरणीशेजारी उघड ठेवलेला असतो, लपवलेला नसतो.

आता प्रश्न उरला भिंतीचा. मुलगा आणि हे सोसायटीच्या कार्यालयात गेले. तिथे ज्यांच्या हातात कारभार होता त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुम्ही लोक घरातच कपडे वाळवता, खिडक्या बंद ठेवता, बादल्या बादल्या पाणी ओतता. झोपडीतून आलात, पक्क्या घरात कसं राहायचं ते शिका." हे म्हणणारे गृहस्थही आमच्यासारखेच झोपडीतून आलेले. हे घरी येऊन काही न बोलता बसून राहिले. मला वाटले, खरेच आपलीच चूक असेल.

त्याच आठवड्यात थोरली लेक आली. ती महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने मोबाइलवर एक जुनी बातमी काढून वाचून दाखवली. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचे गाव आहे. तिथे सुदानहून आलेले एक कुटुंब गृहसंस्थेच्या एका खोलीच्या भाड्याच्या घरात राहत होते. घरात बुरशी. वडिलांनी २०१७ सालापासून तक्रार केली. उत्तर मिळाले, वरून रंग मारा. त्यांना पुढे मुलगा झाला, अवाब इशाक. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या वाढदिवसानंतर आठच दिवसांनी अवाब वारला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकारी बाईंनी निष्कर्ष दिला की घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने हे मूल गेले.

लेक वाचत होती आणि मी ऐकत होते. पुढे आले ते ऐकून मी तिला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. त्या गृहसंस्थेच्या माणसांनी धरून चालले होते की बुरशीला या कुटुंबाची राहणी कारणीभूत आहे. बादलीने अंघोळ करतात, स्वयंपाक असा करतात, वगैरे. चौकशीत ते टिकले नाही. घरात हवा खेळती राहण्याची सोयच पुरेशी नव्हती. संस्थेलाही पुढे कबूल करावे लागले की राहणीविषयीचा आपला तर्क चुकला.

सात समुद्रापलीकडे, श्रीमंत देशात, गरीब बापाला ऐकावे लागले तेच माझ्या नवऱ्याला ऐकावे लागले. "तुमची राहणीच तशी." अवाबच्या आईवडिलांनी मात्र मान खाली घातली नाही. त्यांनी आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या लोकांनी मागणी लावून धरली आणि २०२३ साली तिथल्या पार्लमेंटने सामाजिक गृहनिर्माणाच्या कायद्यात 'अवाबचा कायदा' घातला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तो इंग्लंडमध्ये अमलात आला. जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत दखल घ्यायची. ओल-बुरशीची मोठी तक्रार आली तर कामाच्या १० दिवसांत पाहणी करायची आणि धोका आढळला की पुढच्या ५ कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचे. दोन वर्षांच्या लेकराच्या नावाचा कायदा. आपल्याकडे ओलीसाठी असा वेगळा कायदा नाही. पण त्या बातमीने मला एवढे शिकवले, की लाज माझ्या वाट्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मजल्यावरच्या घराघरांत गेले. "ताई, राग मानू नका, तुमच्या मागच्या भिंतीला ओल आहे का?" पहिल्या घरात नाही म्हणाल्या. मी म्हणाले, "मीही नाहीच म्हणाले होते," आणि नातीची सगळी हकीकत सांगितली. तेव्हा त्यांनी कपाट बाजूला ओढले. मागे काळी भिंत. त्यांच्या सासऱ्यांना तीन वर्षे दमा. तिसऱ्या घरात परदा, पाचव्या घरात नवे वॉलपेपर, सातव्या घरात देखण्या नटीचे मोठे चित्र. आठ घरांपैकी सहा घरांत ओल, आणि सहाही घरांत ती झाकलेली. आम्ही सगळ्या एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो.

वर्षावास चालू होता. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बायका जमतातच. वाचन संपल्यावर एक दिवस मी हा विषय काढला. लेकीने अर्ज लिहून दिला आणि सहा घरांच्या बत्तीस सह्या झाल्या. सोबत प्रत्येक भिंतीचा फोटो आणि तारीख. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट आहे की पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणे संस्थेचे काम, आणि सभासदाच्या घरातल्या संडास-बाथरूमची आतली गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची. हे आम्ही अर्जात लिहिले आणि पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नका. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

प्लंबर आला. दोन कारणे निघाली. बाहेरचा सामाईक पाइप सांध्यात फुटला होता आणि बाहेरच्या भिंतीला भेगा होत्या. शिवाय आमच्या वरच्या घरातल्या बाथरूमच्या लाद्यांतून पाणी झिरपत होते. सोसायटीने तीन महिने टोलवले, पण बत्तीस सह्यांपुढे सर्वसाधारण सभेत विषय घ्यावाच लागला. दर घरामागे दीड हजार वर्गणी निघाली, पाइप बदलला, भेगा भरून बाहेरून गिलावा झाला. वरच्या मजल्यावरच्या बाई विधवा, घरकाम करतात. नियमाने खर्च त्यांचा. पण त्यांच्याकडे होते कुठे? आम्ही दोघींनी निम्मे निम्मे केले. भांडण करून बाथरूम दुरुस्त झाले नसते.

सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. भिंत वाळायला पुढचा अख्खा उन्हाळा गेला. बाजूच्या इमारतीमुळे ऊन येत नाही, ते येणारही नाही. गोवंडीकडच्या अशाच पुनर्वसन वसाहतींची पाहणी डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. इमारती एकमेकींना खेटून बांधल्याने खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि अशा घरांत क्षयाचे रुग्ण अधिक, असे त्यात दिसले. क्षय बुरशीने होत नाही, तो जंतूने होतो. पण अंधारी, कोंदट खोली दोघांनाही मानवते. मोठा उपाय घर बांधतानाच करायचा असतो. तुमच्या वस्तीच्या पुनर्विकासाचे नकाशे येतील तेव्हा चौरस फूट विचारता तसेच विचारा, "दोन इमारतींत अंतर किती? खिडकीतून ऊन येईल का? पाइप दुरुस्तीला माणूस पोचेल का?" मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त चाळींत राहणाऱ्यांनी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे लेखी अर्ज करावा.

आणि तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. मी केले ते सांगते.

अंथरूण, पाळणा, पलंग ओल्या भिंतीपासून आधी हलवा. हे आजच्या आज करा, याला पैसे लागत नाहीत. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, मागे हवा फिरू द्या. सकाळी समोरासमोरची दारे-खिडक्या थोडा वेळ उघडा. स्वयंपाक आणि अंघोळीची वाफ बाहेर जाऊ द्या, जमल्यास बाहेर फेकणारा पंखा बसवा. कपडे शक्यतो गॅलरीत किंवा गच्चीवर वाळवा, घरातच वाळवावे लागले तर पंखा आणि खिडकी चालू ठेवा. भिजलेली, बुरशी धरलेली गादी-उशी वाळवून वापरू नका, फेकून द्या. जीव तुटतो, मी तुटलेला पाहिला आहे, पण फेका.

छोटा डाग असेल तर आजारी माणसाला आणि मुलांना बाहेर पाठवून, नाकातोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून, साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडे करा. कोरडा झाडू मारू नका, खरवडू नका, त्याने कण घरभर उडतात. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. गळती थांबवून भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंग मारू नका. रंगाखाली बुरशी मरत नाही, ती फक्त झाकली जाते. गावाकडे दिवाळीआधी चुन्याचा हात देत असत त्यात शहाणपण होते, चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. कूलरचे पाणी वरचेवर बदला, टाकी घासून धुवा, गवत दर हंगामात नवे घाला.

आणि डॉक्टरकडे जाल तेव्हा त्यांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा. घरात ओल आहे, घराबाहेर गेले की बरे वाटते, पावसाळ्यात वाढते. या तीन वाक्यांनी माझ्या नातीची एक वर्षाची फरफट वाचली असती. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्या, की प्रत्येक खोकला ओलीचा नसतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती करून घ्याच. श्वास घेताना बरगड्या आत जात असतील, ओठ निळे पडत असतील, तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नका.

शेजारधर्माचीही एक विनंती आहे. ज्या घरात माणूस सारखा खोकतो त्या घराकडे पाठ फिरवू नका. त्या बाईला विचारा, "कपाट हलवायला हात देऊ का?" तिच्या अर्जावर आपली सही करा. आपल्या घरात ओल नसली तरी करा. आज तिच्या भिंतीत आहे ते पाणी उद्या आपल्या भिंतीत येणार, पाइप तर सगळ्यांचा एकच आहे.

मागच्या महिन्यात नातीला घेऊन तपासणीला गेले होते. ती आता शाळेत धावण्याच्या शर्यतीत भाग घेते. पावसाळ्यात पंप लागतो, पण रात्री झोपते. डॉक्टरीणबाईंनी कागद भरता भरता सवयीने विचारले, "घरात ओल आहे का?"

मी म्हणाले, "आहे डॉक्टर. खालच्या कोपऱ्यात थोडी अजून आहे. पण आता ती आम्ही झाकत नाही."